पातेल्यात भरपूर आहे

सोमवारी सकाळी चहा उतू जाता जाता वाचला आणि नेमकी तेव्हाच वाघचौऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर हिरवी अक्षरं उमटली. ‘नागरिक केतकी तुषार वाघचौरे यांची आरोग्यविषयक मागणी पूर्णपणे मान्य. वेदनाशामक गोळ्या, साधे पथ्य व घरपोच शुश्रूषा. हक्कपूर्ती शंभर टक्के.’

तुषाररावांनी ते चष्म्याशिवाय वाचलं, कारण डोळे त्यांना सरकारनेच नवे दिले होते. मग पुन्हा वाचलं. गोळ्या, पथ्य, शुश्रूषा. मूत्रपिंडाचं नाव कुठेच नव्हतं.

“पूर्णपणे मान्य म्हणजे काय? मागितलं कुणी हे?”

केतकीबाई चहा गाळत होत्या. पायांवरची सूज दिसू नये म्हणून त्यांनी साडी जरा खाली सोडली होती. “असेल काहीतरी. गोळ्यांनी बरं वाटतंच मला. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.”

तीन आठवड्यांपूर्वी त्या ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. दोन्ही मूत्रपिंडं संपत आली आहेत, फार तर चार महिने, असं डॉक्टर म्हणाले होते, पण म्हणाले होते हसत. सन २०७४ मध्ये मूत्रपिंडाने कुणी मरत नसे. माणसाच्याच पेशी घ्यायच्या, ‘कुंड’ नावाच्या काचेच्या टाकीत त्यांचं नवं मूत्रपिंड वाढवायचं, दीड महिन्यात तयार. अर्जसुद्धा करावा लागत नसे.

ही अर्ज न करण्याची सोय जीवनहमी कायद्यामुळे झाली होती. अन्न, औषध, निवारा आणि शिक्षण ही सरकारची मेहेरबानी नाही, सरकारचं देणं आहे. रस्ते, पूल, पुतळे सगळं नंतर, आधी हे, असं त्या कायद्याने तेरा वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं होतं. प्रश्न एवढाच उरला होता, की कुणाला किती लागतं हे ठरवायचं कसं? पूर्वी त्यासाठी दाखले असत, दाखल्यासाठी दाखले असत आणि त्या प्रत्येकाच्या खाली हात पसरून बसलेला एक माणूस असे. ते सगळं मोडून शास्त्रज्ञांनी ‘गरजछाया’ बनवली. प्रत्येक नागरिकाची एक गणिती प्रतिकृती. घरोघरी आणि कचेऱ्यांतही भिंतीत बसवलेल्या यंत्राकडून ती त्या माणसाचं वागणं शिकत राहायची आणि त्याच्या वतीने सरकारकडे मागायची. ती मागेल त्यापेक्षा कणभरही कमी देण्याची सरकारला मुभा नव्हती.

तुषारराव या कायद्याचे पक्के भक्त. एकतीस वर्षं त्यांनी मोरवंडी नगरपालिकेत पाणी सोडण्याचं काम केलं होतं. रस्त्यातल्या झाकणात लोखंडी चावी घालून अमक्या गल्लीला पाऊण तास, तमक्या गल्लीला अर्धा. सरकार म्हणजे काय ते त्यांना आतून ठाऊक होतं. असा माणूस सहसा सरकारवर विश्वास ठेवत नाही. पण त्यांचे दोन्ही गुडघे, डोळे आणि डाव्या कानाचा पडदा एक अवाक्षरही न बोलता बदलून मिळाला होता. कुणी कायद्याला नावं ठेवली की ते नव्या गुडघ्यावर थाप मारून म्हणत, “हा बघ पुरावा.”

आज त्यांनी गुडघ्यावर थाप मारली नाही. चहा तसाच ठेवून त्यांनी जिल्ह्याची बस पकडली.

जिल्ह्याच्या छायाकेंद्राच्या प्रमुख होत्या डॉ. मृणाल गद्रे. ज्या चौघांनी गरजछाया मुळात घडवली त्यांच्यातल्या एक. पन्नाशीच्या, आवाज मऊ, टेबलावर एक अर्धवट खाल्लेलं केळं. त्यांनी तुषाररावांचं सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या पत्नीला कुणी नाकारलेलं नाही, वाघचौरे. नाकारायची सोयच नाही आमच्याकडे. त्यांच्या छायेनेच मूत्रपिंड मागितलं नाही.”

“मॅडम, मी पाणी सोडणारा माणूस. मला समजेल असं सांगा.”

“सांगते. तोंडाने मागण्यावर आमचा विश्वास नव्हता. लबाड माणूस दहा मागतो, भित्रा एक. म्हणून आम्ही तोंडाकडे बघणं सोडलं आणि हाताकडे बघायला लागलो. माणूस स्वतःच्या ताटात किती वाढून घेतो, औषधाची गोळी पुरती घेतो की अर्धी मोडून ठेवतो, किती दुखल्यावर डॉक्टरकडे जातो. असं वर्षानुवर्षं पाहिलं की एक बिंदू सापडतो. त्यापुढे तो माणूस हात पुढे करत नाही. आम्ही त्याला तृप्तिबिंदू म्हणतो. तिथपर्यंत देणं सरकारला बंधनकारक. त्यापलीकडे दिलं तर ती उधळपट्टी.”

“म्हणजे माझी बायको मरायला तृप्त आहे?”

डॉक्टरांनी समोरच्या पडद्याला हात लावला. “नातेवाइकांना हे दाखवता येतं. तुम्हीच विचारा.”

पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता आवाज होता. तुषाररावांनी घसा खाकरून विचारलं, “केतकी, मूत्रपिंड घेतेस ना?”

“कशाला उगाच?” पडदा म्हणाला. “माझं भागतंय. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

शब्द तिचे होते, ‘उगाच’ म्हणतानाचा तो ओढलेला सूर तिचा होता, आणि वाक्याच्या शेवटी ती अर्धवट हसते ते हसूसुद्धा होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात ते तुषाररावांनी हजारदा ऐकलं होतं आणि एकदाही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

“हे हिला शिकवलं कुणी?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या घराने.” डॉक्टरांनी नोंदी वर आणल्या. “तेरा वर्षांत त्या अकरा वेळा तुमच्याआधी जेवल्या आहेत. अकराही वेळा तुम्ही गावाला गेला होता. आणि हे एक वाक्य बघा, जवळजवळ रोजचं आहे. ‘वाढू का अजून? पातेल्यात भरपूर आहे.’ शेगडीखाली काटा असतो, भांड्याचं वजन कळतं. हे वाक्य म्हणताना बहुतेक वेळा पातेल्यात तळाला चिकटलेलं तेवढंच असायचं.”

तुषाररावांना तो आवाज आठवला. ते हात धुवायला उठले की आतून पातेलं खरवडल्याचा आवाज यायचा. बायको किती लख्ख भांडी घासते, असं त्यांना वाटायचं. ती घासत नव्हती, जेवत होती. सरकारशी भांडायला म्हणून आले होते, आणि निघालं काय, तर आपलेच दात नि आपलेच ओठ.

पण एकतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेला माणूस इतक्यात खाली बसत नाही.

“मला एक सांगा,” ते म्हणाले. “तुमच्या यंत्राने नको म्हटलेलं एकदाच ऐकलं की तीनदा विचारलं?”

“पहिलंच उत्तर धरतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारल्यावर आलेला होकार आम्ही वगळला. तो आग्रहाचा असतो, म्हणजे दबावाचा. जगभरचं संशोधन हेच सांगतं.”

“जगाचं राहू द्या. तुमच्या घरी पंगतीत पहिल्यांदा विचारल्यावर कुणी जिलबी घेतं का? नको म्हणायचं, मग वाढणाऱ्याने आग्रह करायचा, मग घ्यायची. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नुसतं नमस्कार केल्यासारखं असतं. आणि तुम्ही तेवढंच लिहून घेतलंत होय?”

डॉ. गद्रे स्वतः कोकणातल्या होत्या, आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या. इतक्या हुशार चौघांना ही गोष्ट एकदाही सुचली नव्हती.

“आमच्या लाईनीच्या टोकाला एक घर होतं,” तुषारराव म्हणाले. “पाण्याची तक्रार कधी म्हणून आली नाही त्या घराची. मला वाटायचं, पोचतंय पाणी. एकदा सहज जाऊन पाहिलं, तर नळाच्या तोटीत कोळ्याने जाळं केलेलं. मॅडम, तुमची टोकाची घरं दाखवा मला. मूत्रपिंड नको म्हणणारे आणखी कोण कोण आहेत?”

डॉक्टरांनी यंत्राला विचारलं. उत्तर यायला चहाच्या एका घोटाएवढाही वेळ लागला नाही. पाच वर्षांत जिल्ह्यात दोनशे चौदा छायांनी गरज असूनही मूत्रपिंड मागितलं नव्हतं. त्यातल्या दोनशे सहा बायकांच्या होत्या. उरलेल्या आठांत पाच जण आचारी होते.

“ह्या सगळ्यांना शंभर टक्के मिळालं?”

“शंभर टक्के.”

“आता कुठे आहेत?”

मृणाल गद्र्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “नाहीत आता,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर कुंडांची नोंद उघडली. “जिल्ह्यात चाळीस कुंडं आहेत. आज सव्वीस रिकामी आहेत. मागणी घटतेय, लोक समाधानी आहेत, म्हणून गेल्या वर्षी आमचा सत्कार झाला. मी हार घालून घेतला, वाघचौरे.”

एक वाट मात्र होती. तिला फेरमागणी म्हणत. नागरिकाने स्वतः अधिकाऱ्यासमोर येऊन ‘मला हवं’ म्हणायचं. तसं म्हटलं की छायेचं उत्तर बाद. सुनावणी वर्षातून एकदाच मिळे. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवून दिली आणि बजावलं, “आग्रहबंदीचं कलम आहे. सुनावणीत तुम्ही बोललेलं काहीही धरत नाहीत. जे काही ते त्यांच्याच तोंडून यायला हवं.”

घरी येऊन तुषाररावांनी बायकोला सगळं सांगितलं. सव्वीस कुंडं रिकामी आहेत हे तर तीनदा सांगितलं. केतकीबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “हो का? बरं.”

दुसऱ्या दिवसापासून मोरवंडीच्या त्या घरात एक विचित्र शाळा भरली. विद्यार्थिनी चौसष्ट वर्षांची आणि मास्तर सहासष्ट वर्षांचे. पिठलं मास्तरांनी करायचं, त्यात गुठळ्या व्हायच्या, आणि विद्यार्थिनीने ते आधी जेवायचं. केतकीबाई ताटावर बसत, पण नजर पातेल्याकडे. “तुमच्यापुरतं उरलंय ना?” हे वाक्य त्या घासागणिक गिळत होत्या. पहिल्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठल्या. पाचव्या दिवशी रागावल्या. “हे काय, मला पाहुणीसारखं वाटतंय माझ्याच घरात.” तुषाररावांनाही सोपं जात नव्हतं. वाढलेलं ताट समोर येण्याची सवय हाडीमाशी मुरलेली, भूक लागली की पाय आपोआप पाटाकडे वळायचे, आणि त्याची त्यांना आता लाज वाटायची.

एके संध्याकाळी दोघं मागच्या ओट्यावर बसली होती. केतकीबाई आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाल्या, “मला मरायचं नाहीये हो. आपल्या सानिकाचं बाळंतपण करायचंय मला. लेकीला डिंकाचे लाडू कोण करून घालणार?”

“मग तेवढंच सांग तिथं. मला हवं, एवढंच.”

“सांगीन की.”

विसाव्या दिवशी जेवताना केतकीबाईंनी मान वर न करता ताट पुढे केलं. “अजून एक भाकरी वाढा.” तुषाररावांनी भाकरी वाढली आणि कांदा चिरायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसले. बायको वाचली, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटलं.

सुनावणीची खोली लहान आणि स्वच्छ होती. अधिकारी होते दिघे नावाचे, तिशीतले, अतिशय नम्र. त्यांनी केतकीबाईंच्या पाठीला उशी दिली, पाणी हवं का विचारलं. छाया घडवणाऱ्यांना सुनावणी चालू असताना आत यायला मनाई, म्हणून डॉ. गद्रे बाहेर बाकावर थांबल्या होत्या.

“बाई, घाबरू नका,” दिघे म्हणाले. “हा तुमचा हक्क आहे आणि तो पुरवणं आमचं कर्तव्य आहे. तुम्हांला नवं मूत्रपिंड हवं आहे का?”

केतकीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पदर नीट केला, आणि स्पष्ट म्हणाल्या, “हवं. मला हवं.”

“छान,” दिघे म्हणाले. “आता नियमाप्रमाणे एक वाक्य वाचून दाखवतो, मग शेवटचं उत्तर द्या.” त्यांनी समोरचा कागद उचलला. “‘हे कुंड आपण घेतल्यास यादीतील पुढील व्यक्तीस थांबावे लागेल, याची आपणांस जाणीव आहे काय?’”

“कोण आहे तो?” केतकीबाईंनी विचारलं.

“ते सांगता येत नाही, बाई.”

“लहान पोर आहे का?”

“खरंच सांगता येत नाही.”

तुषारराव ताडकन उठले. हे वाक्य कुठून आलं, कुणी घातलं, काही कळेना, पण ते खोटं आहे एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. “अगं, कुणी नाहीये यादीत. सव्वीस कुंडं रिकामी पडलीत. सांगितलं नव्हतं का मी तुला? भरपूर आहेत.”

“वाघचौरे, बसा. तुमचं बोलणं धरता येणार नाही,” दिघे म्हणाले.

केतकीबाई वळल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं ते रागाने नाही, मोठ्या मायेने. पस्तीस वर्षांत इतक्या मायेने त्यांनी क्वचितच पाहिलं असेल.

“भरपूर आहे,” त्या म्हणाल्या. “अहो, हे तुम्ही मला सांगताय? रोज रात्री मी तुम्हांला हेच सांगत आले. पातेलं रिकामं असलं की माणूस असंच म्हणतं. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच मी ओळखलं होतं.”

“केतकी, खरंच आहेत गं. तुझ्या गळ्याची शपथ.”

“मी पण काही कमी शपथा घेतल्या नाहीत.” त्या दिघ्यांकडे वळल्या. “जो कोण पुढचा असेल त्याला द्या, साहेब. पोर असलं तर त्याला आयुष्य पडलंय. मला नको. माझं भागतंय.”

अगदी तोच सूर, तेच ओढलेलं ‘भागतंय’, तेच अर्धवट हसू. पडदा चुकला नव्हता.

दिघ्यांच्या टेबलावरचा दिवा हिरवा झाला. “नोंद झाली, बाई. तुमच्या इच्छेचा आम्ही आदर करतो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू.” चार महिन्यांतले दीड महिने संपले होते, पण त्यांच्या कागदावर तशी ओळ नव्हती.

बाहेर आल्यावर तुषाररावांनी ते वाक्य डॉ. गद्र्यांना शब्दशः म्हणून दाखवलं. त्या बाकावरून उठल्या, तशाच आत गेल्या आणि पाच मिनिटांनी परत आल्या. हातात एक कागद होता.

“माझं नाही हे वाक्य,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षीच्या परिपत्रकातून आलंय. फेरमागण्या वाढायला लागल्या होत्या. कोणत्या वाक्याने माणूस मागे सरेल, असं वरच्या कार्यालयाने छायांनाच विचारलं. आमच्याच छायांना. त्यांनी हे वाक्य सुचवलं.” मग त्या केतकीबाईंच्या समोर उकिडव्या बसल्या. “बाई, मी हात जोडते. यादीत खरंच कुणी नाही.”

केतकीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. “किती गोड बोलता हो. ह्यांनी सांगितलं असेल ना तुम्हांला?”

बसला अजून तासभर होता. केतकीबाईंनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. आत दोन भाकऱ्या होत्या आणि तिळाची चटणी. “तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. खा.”

तुषाररावांनी एक भाकरी उचलून बायकोपुढे धरली.

“मला नको. मी घरून खाऊन निघालेय. तुम्ही खा ना, भरपूर आहे.”

बाकाशेजारच्या भिंतीत बसवलेल्या यंत्राचा दिवा एकदा लुकलुकला, नकाराची नोंद झाली. तुषाररावांनी तो पाहिला. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि बायकोच्या ओठांशी नेला. दोनदा, तीनदा आग्रह केला, माझ्यासाठी म्हणून विनवलं. तेव्हा कुठे केतकीबाईंनी तोंड उघडलं, आणि मग एकामागून एक घास त्या अशा खात राहिल्या, की सकाळपासून पोटात काही नव्हतं हे कुणालाही कळलं असतं.

त्या खात होत्या तेवढा वेळ दिवा एकदाही लागला नाही. आग्रहाचा घास धरत नाहीत.